फेसाळलेले तेल

पेरणीच्या तोंडावर छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलावर फेस दिसला, की नुसते तेल बदलून भागत नाही, असे आमचे सांगणे आहे. अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवावा. सकाळी तेल निवळले तर त्यात हवा होती; दुधाळच राहिले तर बहुधा पाणी. हवा असल्यास प्रथम तेलाची पातळी पाहावी. नंतर टाकीतून पंपाकडे तेल ओढणारी नळी, तिचे क्लॅम्प व ओ-रिंग तपासावेत. दाबाच्या बाजूची गळती थेंबांनी ओळखू येते. ओढीच्या बाजूची फट मात्र तेल न सांडता हवा आत घेते. म्हणून खालची जमीन कोरडी पाहून आपण निर्धास्त राहू नये. हवा गिळणारा पंप लवकर झिजतो, आणि ओ-रिंगच्या मानाने पंप फार महाग पडतो.