घरचे जेवण कुणाच्या जिवावर?

‘जेवण सुरतेचे आणि मरण काशीचे’ ही गुजरातीतली म्हण सुरतेत वाढलेल्या मराठी मुलालाही तोंडपाठ असते. आमचे वाडवडील मात्र जेवायला म्हणून सुरतेत आले नव्हते. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला बसायचे, उधन्याला उतरायचे आणि मागावर बारा तास उभे राहायचे, एवढेच त्यांचे सुरतदर्शन. सोबत फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. लिंबायत, गोडादरा, डिंडोली या वस्त्या अशाच भाकरीवर उभ्या राहिल्या.

आज त्यांची नातवंडे रविवारी संध्याकाळी हॉटेलच्या दारात नंबर लावून उभी असतात. लोचो, शेवखमणी, चायनीजची गाडी, नाहीतर पाटी लावून खानदेशी शेवभाजी विकणारे हॉटेल. हे दृश्य पाहिले की आमच्यातील शहाण्या मंडळींच्या पोटात दुखू लागते. “घरी काय कमी आहे? ही उधळपट्टी कशासाठी?” गेली काही वर्षे हे प्रवचन मीही मोठ्या हिरिरीने करीत आलो. ते प्रवचन किती पोकळ होते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. वाचक बेळगावचे असोत, बिदरचे असोत वा नवापूरचे, त्यांनी आपापल्या घराकडे पाहून तो वाचावा.

माझे गणित साधे होते. चार माणसे साध्या हॉटेलात जेवली तर साडेआठशे रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी. हा दर 15 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. म्हणजे बिल नऊशेच्या घरात जाते. तेच जेवण घरी केले तर शिधा, तेल, गॅस धरून अडीचशे. फरक साडेसहाशेचा. वर्षाचे बावन्न रविवार धरले तर तेहतीस हजार आठशे रुपये! एवढ्या पैशांत पोराची शिकवणी, गणवेश, वह्यापुस्तके सगळे भागेल. पालकसभेत हा हिशेब मी फळ्यावर मांडला आणि दोनदा अधोरेखित केला. बापमंडळी माना डोलावीत होती. एक-दोघांनी तर आपापल्या बायकांकडे ‘बघ, सर काय म्हणतात’ अशा नजरेने पाहिले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठली. घरी बसून साड्यांना डायमंड चिकटवण्याचे काम करणारी, नववीतल्या मुलीची आई. ती म्हणाली, “सर, महिनामा तो एकच दिन मी बशीसन गरम जेवस.”

महिन्यातला तो एकच दिवस मी बसून गरम जेवते! पुरुष हसले. मीही हसण्यावारी नेले आणि सभा पुढे चालवली. घरी आल्यावर मोठ्या ऐटीत हा प्रसंग सौभाग्यवतीला सांगितला. तिने पोळी तव्यावर टाकता टाकताच विचारले, “अहो, फळ्यावर शिधा लिहिलात, तेल लिहिलेत, गॅस लिहिलात. लाटणाऱ्या हाताचे किती लिहिलेत?”

मी शून्यसुद्धा लिहिले नव्हते. तो रकाना माझ्या हिशेबात नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मी नववीचे हजेरीपट काढून बसलो. आमची शाळा सकाळी सव्वासातला भरते. उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे शेरा मारण्याची पद्धत मीच घातलेली. ते शेरे मी वर्षभर पाहत होतो, पण कधी वाचले नव्हते. उशिराचे बहुतेक शेरे मुलींच्या नावांपुढे होते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : “सर, पप्पांचा डबा.” वडिलांची पाळी सकाळी लवकर भरते, भावाला कामावर जायचे असते, आई रात्री उशिरापर्यंत साड्यांचा गठ्ठा संपवीत बसलेली. मग पाचला उठून कणीक मळायची कोणी? चौदा वर्षांच्या पोरीने. तिचा पहिला तास बुडतो. आमच्याकडे पहिला तास गणिताचा असतो. निकालाच्या दिवशी त्याच पोरीला आपण सांगतो, ‘मुलींचे गणित कच्चेच असते.’

वाचकहो, ज्या ‘घरच्या जेवणा’चे गोडवे मी गात होतो, ते आपल्याला स्वस्त पडते याचे हे खरे कारण आहे. त्याची किंमत दिली जाते. फक्त ती आपल्या खिशातून जात नाही.

ही केवळ लिंबायतची कथा नाही. 2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, पुरुष 97 मिनिटे. हे 97 सुद्धा काम करणाऱ्या पुरुषांचे! असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. उरलेल्या चौऱ्याहत्तरांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. पाच तासांची ही मजुरी कुणी मांडते का?

मांडता येत नाही, असे म्हणू नका. मुंबईच्या गिरणगावात ती वर्षानुवर्षे मांडली गेली. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार खानावळीत जेवत. ती खानावळ म्हणजे एखाद्या बाईची दहा बाय दहाची खोली. महिन्याच्या पगारावर जेवणाचे पैसे चुकते व्हायचे आणि तोवर बाई वाण्याकडून उधारीवर दाणे आणायची. या बायांना सावकाराच्या आणि वाण्याच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. त्या खोलीत एकाच चुलीवर, एकाच हाताने भाकरी थापली जायची. परक्याच्या ताटात पडली की तिला दर होता, नवऱ्याच्या ताटात पडली की ती ‘माया’ होती. भाकरी तीच, हात तोच, धगही तीच!

आता कुणी म्हणेल, सर हॉटेलवाल्यांचे वकील झाले. तसे मुळीच नाही. उधळपट्टी आहेच, पण ती कुठे आहे ते नीट पाहा.

आमचा पुरुष सकाळी नाक्यावर चहा घेतो, सोबत खमण. दुपारी मित्राबरोबर पुन्हा चहा, संध्याकाळी वडापाव. रोजचे पन्नास रुपये धरा. सव्वीस दिवसांचे तेराशे झाले. हे बाहेर खाणे नव्हे काय? पण हा खर्च कुठल्याही घरात ‘हॉटेल’ या नावाखाली लिहिला जात नाही. तो ‘चहापाणी’ असतो. बायको-पोरांना घेऊन महिन्यातून एकदा नऊशे रुपये खर्च केले की मात्र घरात अर्थसंकल्पावर चर्चा सुरू होते. माझ्या फळ्यावरही चहापाणी नव्हते, कारण फळ्यासमोर उभा असलेला मास्तर स्वतः दिवसातून दोनदा नाक्यावर जात होता.

दुसरी उधळपट्टी दिखाऊपणाची. पोराचा पहिला वाढदिवस हॉल घेऊन दीडशे पानांचा करायचा, त्यासाठी व्याजाने पैसे उचलायचे आणि मोठ्या मुलीची फी तीन महिने थकवायची. अशी घरे मी जवळून पाहिली आहेत. याला बाहेर जेवणे म्हणत नाहीत, याला बाहेर मिरवणे म्हणतात. त्याविरुद्ध मी शेवटपर्यंत बोलणार.

आरोग्याचा मुद्दाही मी टाळणार नाही. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगने सुरत रिकामी केली होती. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहर धुऊन काढले, त्यात अस्वच्छ हॉटेलांनाही सोडले नाही. तेव्हा बाहेरचे अन्न स्वच्छ असावे, तेल पुन्हा पुन्हा तापवलेले नसावे, हे पाहिलेच पाहिजे. रोज बाहेर खाल्ले तर पोट आणि खिसा दोन्ही बिघडतील, यात शंका नाही. पण ‘बाहेरचे अन्न वाईट’ हे वाक्य जो पुरुष स्वतः कधी कांदा चिरत नाही त्याच्या तोंडी शोभत नाही.

‘स्वयंपाकघर हे संस्कारांचे स्थान आहे’ असेही ऐकतो. मान्य! मग तो संस्कार मुलग्यांना का नको? वांग्याचे भरीत मुलीने भाजले तर त्याला खानदेशी चव येते आणि मुलाने भाजले तर येत नाही काय? आमच्याकडे रानात, वाडीत भरीत भाजायला पुरुषच पुढे असतात. घरी येताच त्यांच्या हाताला काय होते?

म्हणून माझे म्हणणे असे. महिन्यातून एक-दोनदा कुटुंबाने बाहेर जेवायला जावे. ठरवून, रोख पैशाने, फी भरल्यानंतर. कुठे जायचे आणि काय मागवायचे हे घरातल्या बाईने ठरवावे, कारण सुट्टी तिची आहे. त्या पैशासाठी पुरुषाने आधी आपले चहापाणी मोजावे. मात्र एवढे करून भागणार नाही. दोन जेवणांनी अठ्ठावीस दिवसांचा प्रश्न सुटत नाही. उरलेल्या दिवसांत बापाचा डबा बापाने किंवा घरातल्या मुलाने आळीपाळीने करावा. बारा तास मागावर उभा राहणारा माणूस थकतो, हे मला दिसते. रात्री एकपर्यंत साडीवर वाकलेली बाईही थकते, हे त्यालाही दिसावे. ज्या घरात हे होणार नाही, तिथे महिन्याची शेवभाजी ही सुट्टी राहत नाही, ती लाच ठरते.

पुढच्या पालकसभेत मी तोच हिशेब पुन्हा मांडला. या वेळी आधी चहापाण्याचा रकाना काढला, मग लाटणाऱ्या हाताचा. शेवटी नववीच्या उशिराच्या शेऱ्यांची यादी वाचून दाखवली. कुणी माना डोलावल्या नाहीत. एक गृहस्थ तर “सर, आमच्या घरात भांडणे लावता काय?” असे म्हणून निघून गेले. त्या बाईची मी सर्वांसमोर माफी मागितली. तिची मुलगी अजूनही आठवड्यातून दोन दिवस उशिराच येते. पूर्वी पाच दिवस यायची. तिचा भाऊ आता तीन दिवस पोळ्या लाटतो. त्या वेड्यावाकड्या होतात, असे ती सांगते.

दिवाळीत सुरतेचा व्यापारी चोपड्याचे पूजन करतो. नव्या वहीवर कुंकू वाहतो आणि मग पहिली ओळ लिहितो. आमच्या घरांत चोपडा नसतो, पण किराण्याची एक वही प्रत्येक घरात असते. यंदा त्या वहीत एक रकाना वाढवा आणि त्यात रोज लिहा : आज पोळ्या कुणी केल्या? महिनाभर लिहा. मग हॉटेल महाग की घरचे जेवण महाग, यावर आपण बोलू.