"कार्ड आहे का?" रुग्णवाहिकेत हा प्रश्न आला तर घाबरू नका, पण विचारणारा कोण ते बघा

जळकोट / प्रतिनिधी

तीन वर्षांखाली सोयाबीनची रास करताना माझ्या चुलत भावाचा हात मळणी यंत्राच्या पट्ट्यात गेला. रात्रीचे आठ वाजले होते. जवळच्या दवाखान्यात रक्त थांबवून पट्टी बांधली आणि मोठ्या गावाला न्या म्हणून सांगितलं. १०८ ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. बाहेर एक खासगी रुग्णवाहिका उभी होती. ड्रायव्हरचा पहिला प्रश्न, "कार्ड आहे का?" आम्ही म्हणलं, आहे, केशरी. "मग काळजी करू नका, सगळं फुकटात होतंय," म्हणून त्यानं गाडी काढली.

त्यानं नेलेल्या दवाखान्यात काउंटरवर कळलं की योजना त्यांच्याकडं आहे, पण हाडाच्या ऑपरेशनला नाही. पन्नास हजार भरा, मग पुढचं बघू. रात्री अकरा वाजता आडत्याला फोन लावून सोयाबीनवर उचल घेतली. माल अजून खळ्यावरच होता. नंतर समजलं की त्याच शहरात योजनेतून हाडाचं ऑपरेशन करणारा दवाखाना होता. ड्रायव्हरनं सांगितलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

हे सांगायचं कारण, जळकोट तालुक्यात अतनूर, घोणसी, वांजरवाडा असो की एखादा तांडा, सगळीकडं एकच गोंधळ दिसतो. गाडीत कुणी कार्ड विचारलं की नातेवाईक घाबरतात. कार्ड नसलं तर गाडी नेणार नाही असं काहींना वाटतं. कार्ड दाखवलं म्हणजे आता एक रुपया लागणार नाही असंही काहींना वाटतं. दोन्ही चूक आहे. कार्ड गाडीत चढायला लागत नाही. गाडी कोणत्या दवाखान्याकडं वळवायची हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. एवढा फरक कळला तरी पुष्कळ घरांचं कर्ज वाचेल.

१०८ वाल्यांनी विचारलं तर

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांवर सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्यांत गंभीर पेशंटसाठी जास्तीची यंत्रं होती, बाकीच्या ७०४ साध्या. गाडीत डॉक्टर असतो. पैसे सरकार देतं, त्यामुळं पेशंटच्या नावानं बिल फाडायचा प्रश्नच येत नाही. नाव, वय, गाव, मोबाईल नंबर, काय त्रास होतोय हे ते लिहून घेतात. ती नोंद पुढच्या डॉक्टरच्या कामाची असते, ती द्यावी. डिझेलचे, ऑक्सिजनचे किंवा "चहापाण्याचे" पैसे मात्र कुणालाच द्यायचे नाहीत.

१०८ चा फोन पुण्यातल्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या माणसाला आपली वाडी, आपला तांडा माहीत नसतो. म्हणून तालुका, जवळचं मोठं गाव आणि रस्त्यावरची खूण सांगावी. फोनवर प्रश्न जास्त विचारतात म्हणून चिडून फोन ठेवला तर आपलाच वेळ जातो.

बाळंतपणासाठी १०२ ची गाडी वेगळी आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर मायला घरून दवाखान्यात, गरज पडल्यास पुढच्या मोठ्या दवाखान्यात आणि नंतर परत घरी सोडणं, सगळं फुकट आहे. आजारी तान्ह्या लेकराला पण ही सोय आहे.

ज्यांची पोरं अमेरिकेत नोकरीला आहेत त्यांनी त्यांना विचारून बघावं. तिथं रुग्णवाहिकेचं बिल नंतर घरी येतं, म्हणून विम्याची माहिती घेतली जाते. न सांगता येणाऱ्या मोठ्या बिलांविरुद्ध तिथं २०२२ पासून कायदा लागू झाला. त्यात हेलिकॉप्टर-विमानाची रुग्णवाहिका आली, रस्त्यावरची गाडी राहूनच गेली. आपली १०८ उशिरा येते, कधी मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्या गाडीचं बिल घरी येत नाही, ही गोष्ट लहान नाही.

खासगी गाडीवाल्यानं विचारलं तर

इथं सावध राहायचं. सगळे खासगी गाडीवाले वाईट नसतात. रात्री दोन वाजता फोन उचलणारे तेच असतात. पण पेशंट आणून दिला की काही ठिकाणी "कट" मिळतो, हे आता लपून राहिलेलं नाही. हा कट बंद करायला राज्य सरकारनं २०१७ साली कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता. त्याचा कायदा झाला नाही.

म्हणून कार्ड विचारलं की आपण उलटा प्रश्न करायचा, "कोणत्या दवाखान्यात नेताय, आणि या दुखण्याला तिथं योजना चालते का?" भाडंही निघण्याआधीच ठरवायचं. रुग्णवाहिकेचे दर जिल्ह्याचं परिवहन प्राधिकरण ठरवून देतं. दरपत्रक दाखव म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

योजना आहे म्हणजे काय

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, २०१७ ला नाव बदललं. पिवळ्या आणि केशरी कार्डाला ती होतीच. लातूर, नांदेडसह चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबारा दाखवून लाभ मिळत होता. जुलै २०२३ मध्ये सरकारनं निर्णय काढला आणि योजना सगळ्यांना खुली केली, मर्यादाही कुटुंबामागं वर्षाला दीड लाखावरून ५ लाख केली.

पण मेख इथंच आहे. दवाखान्यावर योजनेचा बोर्ड असला म्हणजे प्रत्येक उपचार तिथं फुकट होतो असं नाही. एखाद्या दवाखान्याला हृदयाची मान्यता असते, हाडाची नसते. एखाद्याला डोळ्याची असते, किडनीची नसते. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयातच करायचे असतात. आमच्या भावाचं हेच झालं. बोर्ड खरा होता, कार्ड खरं होतं, तरी पैसे भरावे लागले.

आपल्या भागातून पेशंट उदगीरला जातो, नाहीतर लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात जातो. कोणतं दुखणं कुठं, हे गाडी निघायच्या आधी ठरलं पाहिजे. त्यासाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या योजनेच्या टोल फ्री नंबरवर विचारता येतं. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. काउंटरवर पैशाची गोष्ट निघायच्या आधी त्याला गाठायचं. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय आहे, कागद नंतर देता येतात.

कागद आधी की जीव आधी

याचं उत्तर सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच परमानंद कटारा यांच्या खटल्यात दिलं आहे. दवाखाना सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवायचा, बाकीच्या गोष्टी मागून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये पण हेच आहे. अपघाताचा जखमी आला की डॉक्टरनं कोणत्याही सोपस्काराची वाट न बघता उपचार सुरू करायचे. राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दर दवाखान्यात लावावे लागतात, आणि गंभीर पेशंटला आधी पैसे भरा म्हणून अडवता येत नाही.

तरी अडवणूक होते. मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीकडं १० लाख अनामत मागितली, असा नातेवाइकांचा आरोप होता. दुसऱ्या दवाखान्यात जुळ्या मुलींना जन्म देऊन ती माय गेली. राज्यभर संताप झाला, तेव्हा कुठं तातडीच्या पेशंटकडून अनामत घेणार नाही असं त्या रुग्णालयानं जाहीर केलं. पुण्यात एवढी ओरड झाली म्हणून ऐकलं. आपल्याकडच्या पेशंटसाठी ओरडणार कोण?

रस्त्यावरच्या अपघाताची आणखी एक योजना केंद्रानं मे २०२५ मध्ये आणली. जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरता मिळतो. जखमी कुठल्याही राज्याचा असो. नांदेड-उदगीर-बिदर रस्त्यावर रोज वाहनं धावतात, तिथल्या गावांनी हे लक्षात ठेवावं. यात पोलिसांची नोंद लागते, म्हणून अपघातानंतर ११२ ला फोन करायचा विसरू नये.

आता घरी काय करायचं

१. रेशन कार्ड आणि घरातल्या सगळ्यांच्या आधारचे फोटो दोन माणसांच्या मोबाईलमध्ये ठेवा. अस्सल कागद एका पिशवीत, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी.

२. लग्न होऊन आलेली सून, नवीन जन्मलेलं लेकरू यांचं नाव रेशन कार्डात घाला. ऐन वेळी गाडी इथंच अडते.

३. कागद सापडेना म्हणून गाडी थांबवू नका. पेशंट पुढं जाऊ द्या, कागद मागून मोटारसायकलवर आणा.

४. पैसे भरावेच लागले तर पावती घ्या. पावती नसली तर तक्रार टिकत नाही.

एक काम प्रशासनाचं पण आहे. कोणत्या दवाखान्यात कोणत्या दुखण्याला योजना चालते, याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, उपकेंद्रात आणि १०८ च्या गाडीत लावायला किती खर्च येतो? एक फ्लेक्स. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला गावात त्याहून जास्त लागतात. येत्या ग्रामसभेत ही मागणी ठरावात घ्या.

भावाचा हात वाचला, दोन बोटं गेली. बोटं यंत्रानं नेली, त्याला इलाज नव्हता. पण आडत्याची उचल फेडायला दोन हंगाम गेले, ते एका न विचारलेल्या प्रश्नामुळं. तो प्रश्न तुमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.