फुकट प्रवेशाची किंमत

बारावीचा निकाल लागला की मोमिनपुरा, हंसापुरी, ताजबाग, जाफरनगर आणि पलीकडे कामठीपर्यंत भिंतींवर पत्रके चिकटू लागतात. 'मायनॉरिटीसाठी मोफत प्रवेश', 'शंभर टक्के स्कॉलरशिप', 'फक्त ओरिजिनल कागदपत्रे आणा'. पत्रकाखाली मोबाइल नंबर असतो. कॉलेजची मान्यता, शुल्क, स्कॉलरशिपचे नाव यांतले काहीच नसते. तरी आमची माणसे तो नंबर फिरवतात. आठवडाभरात पोरगा किंवा पोरगी कुठल्यातरी दूरच्या कॉलेजात दाखल होते आणि मोहल्ल्यात पेढे वाटले जातात.

आम्ही उर्दू शाळांत शिकवणारी माणसे या पेढ्यांना आता भितो. दोन वर्षांनी त्याच घरातले पोर मोबाइलच्या दुकानात उभे दिसते, नाहीतर घरी बसलेली दिसते. कारण विचारले तर एकच उत्तर येते, 'स्कॉलरशिप आलीच नाही, सर.' आमचे म्हणणे असे की, ती येणार नव्हतीच, हे प्रवेशाच्या दिवशीच कळू शकले असते. प्रश्न विचारला असता तर कळले असते. पण मदत देणाऱ्याला प्रश्न विचारणे म्हणजे नाशुक्री, असे आमच्या समाजाला कुणीतरी शिकवून ठेवले आहे. आमचे भांडण या शिकवणीशी आहे.

आधी मदतीचा हिशेब पाहू. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी ती आहे. योजना चांगली आहे, पण तिला अटी आहेत. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हक्क संपला. आता सांगा, पत्रकवाला एजंट जागा कुठून देतो? बहुतेक वेळा याच कोट्यातून. म्हणजे ज्या दाराने तो पोराला आत घेतो, त्याच दाराला स्कॉलरशिपचे कुलूप असते. दुसरी अट अशी की एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. तिसऱ्या मुलाचा बाप पत्रक वाचतो, पण ही अट त्याला कुणी वाचून दाखवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मदत शिकवणी शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या निम्म्या भागाची असते. वसतिगृह, मेस, बसभाडे, गणवेश आणि 'इतर शुल्क' नावाचे अथांग खाते बापाच्याच खिशातून भरायचे.

समजा, एका कॉलेजचे शिकवणी शुल्क 90,000 रुपये आहे. योजनेतून 45,000 मिळाले. उरलेले 45,000, वर वसतिगृह आणि जेवणाचे 60,000, शिवाय इतर शुल्काचे 15,000. एकूण 1,20,000 रुपये घरातून गेले, तेही एका वर्षाला. आणि हे 45,000 प्रवेशाच्या दिवशी हातात नसतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, कॉलेजने तो पुढे पाठवायचा, खात्याने तपासायचा, मग आधारशी जोडलेल्या बँक खात्यात पैसे यायचे. मधल्या महिन्यांत कॉलेजला पैसे कोण देणार? 'मोफत' या शब्दाची खरी किंमत इथे कळते. ऑटो चालवणाऱ्या बापासाठी उशिरा आलेली मदत आणि न आलेली मदत यांत फार फरक नसतो. तो तोवर सावकाराकडे जाऊन आलेला असतो.

कोणी म्हणेल, बुडत्याला काडीचा आधार, गरिबाने निवडानिवड कसली करायची? आमचे उत्तर उलट आहे. श्रीमंताचे पोर चुकीच्या कॉलेजात गेले तर वर्ष वाया जाते. गरिबाचे पोर गेले तर घराण्याचा शिक्षणावरचा भरवसाच जातो. मागच्या दोन बहिणींची तालीम तिथेच थांबते. म्हणून निवड करण्याची गरज गरिबालाच जास्त आहे.

आता सरकारकडे वळू. सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. वीस वर्षांवरील लोकसंख्येत देशात सुमारे सात टक्के पदवीधर होते, मुसलमानांत चार टक्क्यांहून कमी. त्यानंतर केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. संशोधन करणाऱ्यांसाठी मौलाना आझाद फेलोशिप 2009 मध्ये आली. पुढे काय झाले? 2022 मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेलोशिप बंद केल्याचे संसदेत सांगण्यात आले. 1989 मध्ये स्थापन झालेले मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला. मधल्या काळात, 2023 मध्ये, केंद्रानेच 1,572 संस्थांची तपासणी करून त्यांतल्या 830 संस्थांत बनावट लाभार्थ्यांचा घोळ असल्याचे सांगितले. 144 कोटींहून जास्त रक्कम बुडाली आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. चोरी संस्थांनी आणि दलालांनी केली. हात मात्र आखडला गेला तो खऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत. घरात चोर शिरला म्हणून कुणी लेकरांचे जेवण बंद करते काय?

पण सरकारला बोल लावून आमची सुटका होत नाही. जे शिल्लक आहे तेही आम्ही घेत नाही. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. विणकर, कसाब, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढायला गेले की 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. एका शब्दाने नातीचे लाखभर रुपये अडतात. 'इस्लाममध्ये जात नाही' हे मिंबरावरून बोलायला ठीक आहे, आणि खरेही आहे. पण बिरादरी पाहून निकाह लावणाऱ्यांनी नेमके दाखल्याच्या रांगेत उभे राहताना समतावादी व्हावे, याला काय म्हणावे? ज्यांचा ओबीसीत हक्क बसत नाही, त्यांच्यासाठी 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आहे. त्याची तयारी करायला दहावीनंतरची दोन वर्षे हातात असतात. आम्ही मात्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात धावतो.

मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठितांबद्दलही बोललेच पाहिजे. जून-जुलैत गुणवंतांच्या सत्कारांचा हंगाम असतो. शाल, ट्रॉफी, बॅग, फोटो, तीन तास भाषणे. त्या मंडपाच्या आणि बिर्याणीच्या खर्चात चार मुलींची पहिली फी भरली जाऊ शकते. जकातीचे अडीच टक्के रमजानच्या किटमध्ये वाटून टाकायचे आणि फीची वेळ आली की 'जकातीतून फी चालते का?' असा मसला काढायचा. जकातीत रक्कम हकदाराच्या मालकीची व्हायला हवी, एवढी अट आहे. मग गरजू विद्यार्थिनीच्या हातात रक्कम द्या, फी तिला भरू द्या. आणि एकदाच देऊ नका. पहिल्या वर्षी टाळ्या वाजवून दिलेले दहा हजार रुपये दुसऱ्या वर्षी थांबले, तर ती मदत ठरत नाही, अर्ध्या वाटेवर सोडलेला प्रवासी ठरते. तीन वर्षांचा शब्द देता येत नसेल तर सत्कार करू नका.

आणखी एक भ्रम. मुलगा इंजिनीअर झाला तरच शिकला, 'आर्ट्स' म्हणजे नापासांचा रस्ता. याच शहरात हिस्लॉप कॉलेज 1883 पासून आहे, मॉरिस कॉलेज 1885 पासून. मॉरिसमध्ये शिकून न्या. मोहम्मद हिदायतुल्ला केंब्रिजला गेले, 1968 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले आणि पुढे उपराष्ट्रपती. ते मॉरिस कॉलेज आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने चालू आहे. तिथल्या तीन वर्षांचे शुल्क खासगी इंजिनीअरिंगच्या एका सत्राहून कमी भरते. पोरगी घरी राहून शिकते, ग्रंथालय मिळते, स्पर्धा परीक्षेचा, बी.एड.चा, कायद्याचा रस्ता उघडा राहतो. तरी आम्ही फुकटाच्या नावाखाली महागडी पदवी घेतो आणि खऱ्या स्वस्त शिक्षणाकडे पाठ फिरवतो. बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा सोनीपतचे अशोका विद्यापीठ लिबरल आर्ट्स शिकवतात आणि कुटुंबाची गरज पाहून शुल्कात सूट देतात. तिथे अर्ज करायला आमच्या हुशार पोरांना कोण सांगते? मात्र तिथून पत्र आले तरी हुरळून जाऊ नये. सूट शिकवणीचीच की राहण्या-जेवणाचीही, गुण घसरले तर काय, हे तिथेही विचारावे.

म्हणून आमचे पालकांना सांगणे एवढेच. पत्रक कितीही रंगीत असो, पाच प्रश्न विचारा. पैसे नेमके कोण देणार आणि योजनेचे नाव काय? कोणत्या शुल्कावर, किती? पूर्ण अभ्यासक्रमभर की पहिल्या वर्षापुरते? पैसे येईपर्यंत कॉलेज थांबेल का, आणि तसे लिहून देईल का? मध्येच सोडावे लागले तर काय परत मिळेल? मूळ प्रमाणपत्रे कॉलेजात ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितले आहे. तरीही कुणी 'ओरिजिनल जमा करा' म्हणाले तर उठून या. ती प्रमाणपत्रे अडकली की पोरगी अडकली.

आम्हा शिक्षकांनीही नववीपासूनच प्रत्येक मुलाचे दाखले, बँक खाते, आधारवरचे नाव तपासायला बसले पाहिजे. गणिताच्या तासाला चक्रवाढ व्याज शिकवतोच, त्याच फळ्यावर कॉलेजच्या शुल्काचा हिशेबही मांडावा. पहिली वही इक्राने उघडते, म्हणजे 'वाच'ने. आमच्या समाजाला आता शुल्काची पावती, योजनेच्या अटी आणि एजंटाने पुढे केलेला कागद वाचता आला पाहिजे. न वाचता सही करणाऱ्या कौमची पोरे दुसऱ्यांच्या हिशेबात जमा होत राहतात.