टेबलावर जेवलं तर काय बिघडतं?



मागच्या महिन्यात स्थानकात सामायिक झाल्यावर एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "तुमच्याकडेही आता डायनिंग टेबल आलं म्हणे! पाटावर बसून जेवायची रीत गेली का मग?" सूर मस्करीचा होता, पण प्रश्न खरा होता. तेव्हा हसून वेळ मारून नेली. उत्तर आज सविस्तर देते, कारण टेबल आणायचं की नाही हा घोळ आपल्यापैकी अनेकींच्या घरात चालू असणार.

आमच्या घरी टेबल आलं ते सासूबाईंमुळे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसायला कायमचं बंद केलं. मग त्यांचं ताट खोलीत जायला लागलं. पलंगाच्या कडेला बसून, समोर स्टूल ठेवून त्या जेवायच्या. आम्ही सगळे स्वयंपाकघरात पंगतीला आणि त्या एकट्या आत. संध्याकाळी तर फारच धांदल व्हायची. डिसेंबरात आमच्याकडे चिखलीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्याआधी मुलांचं, यांचं आणि माझं जेवण उरकायचं, त्यातच सासूबाईंचं ताट आत नेऊन द्यायचं. एक दिवस त्या म्हणाल्या, "मी आता एकासणंच करत जाईन." मला आधी कौतुक वाटलं. दोन आठवड्यांनी लक्षात आलं की हे तप नव्हे, हा संकोच आहे. आपल्यामुळे सुनेची धावपळ होते म्हणून बाई संध्याकाळचं जेवण सोडत होती, आणि आम्ही त्याला अनुमोदना देत होतो!

त्या रात्री मी यांना म्हटलं, टेबल करायचं.

विकत का नाही आणलं? पाहून आलो होतो. हल्ली 'रस्टिक' टेबलांची फॅशन आहे. नवंकोरं लाकूड साखळीने ठोकून, आगीने भाजून, खोटी भोकं पाडून जुनं दाखवतात आणि त्याचे जास्तीचे पैसे घेतात. मला हसूच आलं. आमच्या मेहकरकडच्या गावी जुन्या घराचं माळवद उतरवल्यापासून सागाच्या फळ्या नि वासे गोठ्यात रचून पडले होते. खरंखुरं जुनं लाकूड, पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर खाल्लेलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून साग गेला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पाहिले. आणि आपल्याच विदर्भातला साग गावोगावी पाडलेल्या घरांतून निघतो तो भंगारवाल्याकडे नाही तर चुलीत जातो. नवं झाड तोडायला लावण्यापेक्षा हे लाकूड वापरणं मला जास्त जयणेचं वाटलं.

पण जुन्या लाकडाचीही परीक्षा असते. सागाचा आतला गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, बाहेरचा फिकट भाग मात्र किडतो. सुतारकाकांनी प्रत्येक फळी उभी करून ठोकली. भोकं जुनी असून कोरडी असतील तर हरकत नाही. खालच्या कागदावर ताजा पिठासारखा भुसा पडला तर आत जीव आहे. दोन वाशांतून असा भुसा पडला. काका सहज म्हणाले, "भाभी, भोकात औषध टाकतो, दोन दिवसांत सारं मरून जाते." मी नको म्हटलं. ते दोन वासे बाजूला काढून परसात आडोशाला ठेवले. पुढे पावसाळ्याआधी गावातल्या कोणीतरी ते सरपणाला नेले, असं नंतर कळलं. म्हणजे मी काय वाचवलं? याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. ते वासे कुठे द्यायचे, हे मी विचारायला हवं होतं.

राहिलेल्या सहा फळ्या चांगल्या निघाल्या. जुने लोखंडी खिळे एकेक करून काढले. राहिलेला खिळा शोधायला लोहचुंबक फिरवलं, नाहीतर रंध्याचं पातं जातं. माप सांगते, म्हणजे कोणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल. लांबी पाच फूट, रुंदी तीन फूट, उंची २९ इंच. साधारण ३० इंच करतात, पण सासूबाई ठेंगण्या आहेत. माणशी दोन फूट जागा धरावी. खुर्चीची बैठक १८ इंचांवर असेल तर मांडीला अडचण होत नाही. पाय आणि चौकट जुन्या वाशांची. कुसू काढून भोकात बसवले, खिळे नाहीत. वरच्या फळ्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळायच्या नाहीत, हे काकांनी आवर्जून सांगितलं. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं आणि आपल्या उन्हाळ्यात आक्रसतं. त्याला जागा नसेल तर फळी तडकते. म्हणून स्क्रूचं भोक गोल न करता लांबट ठेवलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. टेबल आपल्या आचारात बसतं का, हा वाद आपण नेहमी खुर्चीवरून घालतो. माझ्या मते प्रश्न खुर्चीचा नाही. लाकूड कशाने चिकटवलं, कशाने चमकवलं आणि त्याच्या भेगांत काय साचतं, हे कोणी विचारत नाही. विचारायचं ते तिथे.

पहिली गोष्ट डिंकाची. पूर्वी सुतार सरस वापरायचे. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ. आपल्या आजींच्या घरातली कपाटं नि पलंग बहुधा त्यानेच चिकटवलेले असतील. १९५९ साली फेविकॉल बाजारात आलं आणि हळूहळू सरस मागे पडला. ते आणणारे बळवंत पारेख गुजरातमधल्या महुव्याचे, जैन घरातले होते, आणि मुंबईत सुरुवातीला एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपायाचं काम करत होते. त्यांनी ते अहिंसेच्या विचाराने आणलं असा दावा मी करणार नाही, धंदा म्हणूनच आणलं असेल. पण आज आपल्याला सरसाची चिंता करावी लागत नाही ती त्या पांढऱ्या डब्यामुळे. मी विचारल्यावर आमचे काका म्हणाले, "सरस आता कोन वापरते भाभी?" तरी विचारावं. जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्यांकडे अजूनही असू शकतो.

दुसरी गोष्ट पॉलिशची, आणि इथे माझी काकांशी जुंपली. त्यांना लाखेचं पॉलिश करायचं होतं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने घासायचा, सुंदर झळाळी येते. पण लाख म्हणजे काय? पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर हजारो बारीक किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतात. फांद्या तोडून ते कवच खरवडतात, धुतात, वितळवतात. आत जीव असतातच. प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो ना, उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या अध्ययनात येतात ती? त्यात 'लक्खवाणिज्जे' हा शब्द आहे. इतकी वर्षं मी तो म्हणत होते. त्या दिवशी काकांच्या हातात चपड्याची पुडी पाहिली तेव्हा तो मला कळला. तिथे लाखेच्या व्यापाराबद्दल म्हटलं आहे, वापराबद्दल नाही, हे मान्य. पण घेणारा नसेल तर विकणारा कोणाला विकेल? (लग्नातल्या लाखेच्या चुड्याचं काय, असं कोणी विचारेल. तो विषय काढला तर आमच्याच घरात महाभारत होईल, म्हणून आज नको.)

दुसरा पर्याय मेणाचा, पण ते मधमाशीचं. जी बाई घरात मध आणत नाही ती टेबलाला मेण कसं चोळेल? तिसरा पर्याय मेलामाइन किंवा पीयू. त्यात जीव नाही, पुसायलाही सोपं, ज्यांना सोयीचं वाटेल त्यांनी जरूर करावं. मला तो उग्र वास स्वयंपाकघराजवळ नको होता आणि जुन्या लाकडावर काचेसारखा थर आवडतही नाही.

आम्ही लावलं जवसाचं तेल. आपल्या विदर्भात जवस काय नवीन आहे? जवसाची चटणी आपण खातोच. हे तेल हवेत हळूहळू सुकून घट्ट होतं. बॅटला मुलं लावतात तेच. पेंटरच्या दुकानात 'बेलतेल' म्हणून मिळतं, पण त्यात लवकर सुकायला रसायनं घातलेली असतात. ताट ठेवायच्या जागेसाठी मी घाण्यावरचं कच्चं तेल घेतलं. लाकूड आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, मग १२०, शेवटी २२०. घासण्याचं काम मी आणि मुलीने केलं, काकांची मजुरी वाचली. तेलाचा हात अगदी पातळ द्यायचा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं कोरड्या कापडाने पुसून काढायचं. न पुसलेलं तेल महिनाभर चिकट राहतं. असे तीन हात दिले, दोन हातांमध्ये आठवडाभर थांबून.

इथे दोन सूचना. एक तर तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा करून ठेवलेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून ठेवा किंवा दोरीवर एकेरी पसरून वाळवा. दुसरं, हे काम चातुर्मासात करू नका. ओल्या तेलावर दिव्याचे किडे चिकटतात. आम्ही फाल्गुनात केलं, सकाळच्या वेळी, आणि दिवेलागणीआधी टेबलावर मच्छरदाणी लावली. शेजारीण म्हणाली, "टेबलाला झोपवता का?" हसू दे. तीन आठवड्यांत एकही चिलट चिकटलं नाही.

आता भेगा. रस्टिक टेबलाचं सौंदर्य म्हणे भेगांत आणि फटींत असतं. फोटोत ठीक आहे. जिथे वरणभात सांडणार तिथे फट म्हणजे मुंग्यांना आमंत्रण. शिवाय उष्ट्यात दोन घडींनंतर, म्हणजे ४८ मिनिटांनी, संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात असं आपण मानतो. म्हणून तर आपल्याकडे ताट धुऊन पितात. मग फटीत अडकलेलं शीत दोन दिवस राहिलं तर त्या ताट धुण्याला काय अर्थ? म्हणून मी काकांना सांगितलं, जुनेपणा रंगात राहू द्या, फटीत नको. फळ्यांच्या कडा रंध्याने सरळ करून फेविकॉलने जोडल्या, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवल्या. खिळ्यांची भोकं आणि भेगा त्याच सागाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरल्या. एक दोष राहिला, भरलेल्या जागा तेल पीत नाहीत, त्यामुळे फिकट ठिपके दिसतात. मला ते खपतात. रोज सकाळी जसं पडिलेहण, तसा टेबलावरून, खालून आणि पायांच्या सांध्यांतून मऊ पुंजणीचा हात फिरवते. दोन मिनिटं लागतात.

काकूंच्या प्रश्नाकडे येते. खाली मांडी घालून जेवण्यात सुख आहे, हे मीही म्हणते. माणूस स्थिर बसतो, मोजकं खातो, ताटाकडे लक्ष राहतं. आयंबिलच्या दिवशी मी आजही पाटावरच बसते. पण ही रीत आहे, व्रत नाही. चौविहार हे व्रत आहे. उष्टं न टाकणं हा आचार आहे. खुर्चीवर बसून दोन्ही पाळता येतात आणि पाटावर बसून दोन्ही मोडता येतात. टीव्हीसमोर मांडी घालून रात्री नऊला जेवणारी घरं आपल्याच समाजात आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, रीत गेली का म्हणून. आणि ज्या रितीपायी घरातलं सगळ्यात वयस्क माणूस पंगतीतून उठून एकटं पडतं, ती सांभाळण्याचा हट्ट मला तरी कळत नाही.

चैत्रात महासतीजी गोचरीला आल्या. मी जरा बिचकले होते, काही म्हणतील का. त्यांनी टेबलाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष कच्च्या पाण्याचा तांब्या कुठे ठेवलाय त्याकडे होतं, आणि तो नेमका त्याच टेबलावर, पोळ्यांच्या डब्याला चिकटून होता. त्या पोळ्या न घेताच परतल्या. त्या दिवसापासून पाण्याचा तांब्या टेबलावर येत नाही, त्याला वेगळी तिवई आहे.

टेबल पश्चिमेच्या खिडकीशी लावलंय, शेवटचं ऊन तिथे येतं. सासूबाईंचं रोजचं एकासणं आपोआप सुटलं, त्याबद्दल आमच्यात कोणी काही बोललं नाही. खिडकीकडे तोंड करून त्या बसतात आणि साडेपाचला आत हाक मारतात, "ताटं घ्या गं, ऊन चाललं."