डॉ. इग्नाझ सेमेलवाइस (१८१८–१८६५)

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टरांकडे, दुसरा सुइणींकडे. नवल असे, की बाळंतज्वराने अधिक स्त्रिया दगावत त्या डॉक्टरांच्या विभागात! तेथे जाण्यापेक्षा वाटेत बाळंत झालेले बरे, असे गोरगरीब बायांना वाटे.

१८४६ साली तेथे साहाय्यक झालेल्या या हंगेरियन डॉक्टरांना हे कोडे स्वस्थ बसू देईना. १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्रा. कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून वारले. लक्षणे थेट बाळंतिणींसारखीच! सेमेलवाइस यांना उलगडा झाला. प्रेते चिरलेल्या हातांनीच डॉक्टर बाळंतिणींना तपासत. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ स्त्रिया दगावल्या होत्या, जूनमध्ये जेमतेम २.

पण आपल्याच हातून मरण पसरते, हे बड्या डॉक्टरांना मानवेना. सेमेलवाइसही कमी हट्टी नव्हते. ग्रंथ लिहायला त्यांनी १८६१ साल उजाडू दिले आणि मग विरोधकांना उघड पत्रांतून खुनी ठरवले. १८६५ मध्ये त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. दोनच आठवड्यांत, जखम चिघळून ते वारले. वय अवघे ४७. त्याच महिन्यात ग्लासगोत जोसेफ लिस्टर एका मुलाची जखम कार्बोलिक ॲसिडने धूत होते.