रंगावर जाऊ नका!

नागपूरच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. पुढच्या महिन्यात त्या मुलाकडे अमेरिकेला निघाल्या आहेत, टेक्सासात. मुलानं मागच्या अंगणात ‘पेलेट स्मोकर’ नावाचं एक धूड आणून ठेवलंय आणि फोनवर म्हणतोय, ‘‘आई, तू आलीस की ह्यावर मटण करू.’’ त्या विचारतात, ‘‘हे नक्की असतं तरी काय? मला जमेल का, की नुसतं लांबून बघावं?’’

जमेल हो ताई, न जमायला काय झालं! पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला ती कळली लेकीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, वीस-बावीस पाहुण्यांच्या देखत. चुलीपुढे आणि गॅसपुढे आपले डोळे जे शिकले, त्यावर ह्या यंत्रापुढे विसंबायचं नाही.

आधी यंत्राविषयी. दिसायला म्हणजे चार पायांवर आडवं ठेवलेलं पिंप, वर झाकण. बाजूला एक पेटी, तिच्यात पेलेट भरायचे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक, तुकडे तुकडे कांड्या. हिकरीच्या, ओकच्या, सफरचंदाच्या, चेरीच्या. ज्या झाडाची कांडी त्या झाडाचा वास. पेटीच्या तळाशी एक मळसूत्र फिरतं, खिमा करायच्या यंत्रात असतं तसं. ते कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलत एका लोखंडी वाटीत टाकतं. वाटीत विजेनं तापणारी सळई असते, ती पेटवते. खालून पंखा वारा घालतो. आपण आकडा लावायचा. उष्णता कमी पडली की यंत्र आपणहून जास्त कांड्या सोडतं. म्हणजे लाकूड सारणं, फुंकणी फुंकणं आणि जाळ ओढणं ही आपली तिन्ही कामं वीज करते. आगीवर पत्रा असतो, त्यामुळे ज्वाळा मांसाला शिवत नाही. गरम हवा आणि धूर आत फिरत राहतात. ओरेगन राज्यातल्या जो ट्रेगर ह्यांनी ही युक्ती काढली आणि १९८६ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं.

आपण निखाऱ्यावर तूप सोडून धुरी देतो, तसंच का हे? नाही. आपली धुरी शिजलेल्या रश्शाला शेवटी दोन-पाच मिनिटं. इथे शिजणं आणि धुरावणं एकदमच चालतं, आणि तेही तासन्‌ तास. मंद उष्णतेवर, म्हणजे त्यांच्या फॅरनहाइटच्या २२५ वर. आपले झाले १०७ सेल्सियस. चुलीच्या धुरानं ज्यांचे डोळे चुरचुरलेत त्यांना पहिल्यांदा वाटेल, अगंबाई, धूर कुठाय? तर तो असाच हवा, जेमतेम दिसणारा. पांढरे लोट निघत असले तर मांस कडवट होतं. ओल्या लाकडावरचा चहा कसा लागतो, आठवा. पेटवल्यावर सुरुवातीला पांढरा धूर येतोच, तो ओसरल्यावरच मांस आत ठेवा.

आता माझी फजिती. २०२३ च्या नोव्हेंबरात मी ह्यूस्टनजवळ लेकीकडे होते. तिला सातवा लागलेला. डोहाळे कसले, तर धुराच्या कोंबडीचे! श्रीखंड नको, पुरणपोळी नको. म्हटलं ठीक आहे, सकाळी ओटी भरू आणि दुपारी तिला हवं ते जेवायला घालू. जावयांनी आदल्या रात्री चार अख्ख्या कोंबड्यांना मीठ लावून ठेवलं, मी आलं-लसूण, हळद, तिखट आणि दह्याचा पातळ हात दिला. (पातळच द्यावा. जाड थर दिला की मसालाच धुरावतो, मांस कोरंच राहतं. आणि कोंबडी फ्रीजमधून काढून गारच आत जाऊ दे. गार, ओलसर अंगावर धूर चांगला बसतो.) साडेनऊला कोंबड्या आत गेल्या. हिशेब साधा होता, साडेतीन तास, एकला पानं.

त्या दिवशी नेमका उत्तरेकडून गार वारा सुटला. चारही कोंबड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. आणि तिसरं कारण मी स्वतः. दर अर्ध्या तासानं झाकण उघडून बघत होते! भाताच्या कुकरचं झाकण मध्येच उघडलं तर सुनेला आपण काय म्हणतो? पण त्या रंगाचा मोह सुटत नव्हता. एकच्या सुमाराला कोंबड्या अशा दिसत होत्या, जशी जुन्या वाड्याची सागवानी तुळई. तंगडी हलवून पाहिली, म्हटलं, ‘‘झालं, काढा.’’

जावई म्हणाले, ‘‘आई, एक मिनिट,’’ आणि मांडीच्या जाड भागात थर्मामीटरची सुई खुपसली. आकडा आला १४२, म्हणजे ६१ सेल्सियस. कोंबडीला हवेत १६५, आपले ७४. ‘‘अजून नाही झालं, आई.’’

मैत्रिणींनो, मला राग आला. चाळीस वर्षं कोंबडी शिजवत्येय मी, आणि ह्या सुईनं मला शिकवावं? आत लेक फुलांची वाडी भरून बसलेली, भुकेलेली. पाहुणे घड्याळाकडे बघतायत. मी म्हटलंसुद्धा, ‘‘अहो, पहिलं पान तिचं तरी वाढू या.’’ जावयांनी काहीच उत्तर दिलं नाही. झाकण लावलं, आकडा ३२५ वर नेला आणि तिथेच उभे राहिले. पाहुण्यांना बटाटेवडे दिले. मी पन्नास मिनिटं कुणाशी धड बोलले नाही.

नंतर शांत डोक्यानं विचार केला तेव्हा हातपाय गार झाले. अर्धकच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू जिवंत राहतात. धडधाकट माणूसही त्यानं आडवं होतं. सातव्या महिन्यातल्या पोरीचं काय झालं असतं? आणि पहिलं पान मीच तिच्यापुढे ठेवणार होते.

पण खरी गंमत पुढेच. सुईनं १६९ दाखवले, कोंबडी काढली, दहा मिनिटं झाकून ठेवली आणि कापली. आत हाडाजवळ गुलाबी! कडेलासुद्धा गुलाबी पट्टा! आता मी म्हटलं, ‘‘बघा, कच्चीच आहे की!’’ मघाशी कच्चीला शिजली म्हणणारी मी, आता शिजलेलीला कच्ची म्हणत होते. जावयांनी चारही कोंबड्यांत दोन-दोन ठिकाणी सुई घालून दाखवली, सगळीकडे ७४ च्या वर. धुरातला एक वायू मांसातल्या तांबड्या द्रव्याशी जुळतो आणि तो गुलाबी रंग पूर्ण शिजल्यावरही जात नाही, असं त्यांनी समजावलं. आणि कोवळ्या कोंबडीच्या हाडातून रंग उतरतो तो वेगळाच. म्हणजे वरचा तपकिरी रंग खोटा आणि आतला गुलाबीही खोटा. लेकीनं मात्र दोन तंगड्या खाल्ल्या आणि तिसरीकडे हात नेला.

तेव्हा ताई, मुलाकडे सुईचा थर्मामीटर नसला तर आधी तो घ्यायला लावा. यंत्रावर दिसतो तो आकडा हवेचा, मांसाचा नव्हे. सुई सर्वांत जाड भागात घालायची, हाडाला टेकू द्यायची नाही. तो खरं बोलतो की नाही हे पाहायचं तर बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवा, शून्य दाखवला पाहिजे. त्यांच्या मापात ३२. आणि कोंबडीची कातडी मंद आचेवर रबरासारखी होते, म्हणून पहिला दीड तास २२५ वर धुरावून मग आकडा ३२५ ला न्या. हे आम्हाला त्या दिवशी घाईत सापडलं, आता मुद्दाम तसंच करतो.

मटणाचं गणित निराळं. टेक्सासातले लोक ब्रिस्केटवर जीव टाकतात, ते गाईच्या छातीचं मांस. आमच्या घरात ते येत नाही. जावई डुकराचा अख्खा खांदा करतात, बारा-बारा तास. चिवट मांस मऊ व्हायला ९५ सेल्सियसच्या आसपास जावं लागतं, आणि मध्येच, ६५ ते ७५ च्या दरम्यान, आकडा अडून बसतो. तास गेले तरी हलत नाही. यंत्र बिघडलं असं वाटून नवशिके आच वाढवतात आणि मांसाचं चामडं करून ठेवतात. बिघडलेलं काही नसतं. माठ कसा पाझरतो आणि पाणी गार राहतं? तसंच मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि मांसाला गार ठेवतं. थांबायचं, नाहीतर ॲल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळायचं. म्हणून असा बेत पाहुण्यांच्या जेवणाला असेल तर पहाटे नव्हे, आदल्या रात्रीच लावा. लवकर झालं तर गुंडाळून, जाड चादरीत बांधून दोन तास गरम राहतं.

बकऱ्याचं मटण मी माझ्याच पद्धतीनं करते. मोठे, हाडासकट तुकडे मीठ-हळद लावून दीड तास धुरावर, आणि मग सरळ कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, कुकरमध्ये. शिजायची काळजी कुकरची, वास धुराचा. तांबड्या रश्शाला चुलीवरची चव येते. नागपूरकडच्या ताईंनी सावजी मसाल्यात करून पाहावं, मला कळवावं.

कांड्यांची पिशवी पावसात राहू देऊ नका. आमची राहिली होती. एका रात्रीत भुशाचा लगदा, आणि पेटीतल्या फुगून मळसूत्रच अडकलं. जावयांचा सगळा रविवार त्यात गेला. राख यंत्र पूर्ण गार झाल्यावरच काढा, चरबीची थाळी दर वेळी पुसा, साचलेली चरबी पेट घेते. आणि थंडी आहे, पाऊस आहे म्हणून हे यंत्र गॅरेजात किंवा घरात कधीच लावू नका. त्यातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये; घरात गरोदर बाई असेल तर पुन्हा चांगलं वाफाळल्याशिवाय तिला देऊ नका.

परत निघताना जावयांनी माझ्या बॅगेत एक तसलाच थर्मामीटर घातला. तो आता मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. परवा रविवारी रश्शातल्या तंगडीत सुई घालून उभी होते, तर हे पेपर बाजूला करून म्हणाले, ‘‘ताप उतरला का गं तिचा?’’