भाड्याची आजी

परकी भाषा शिकायची तर परक्याच्या घरात राहावे, या मताशी माझे काडीचेही भांडण नाही. वर्गात व्याकरण येते; भाषा येते ती स्वयंपाकघरात. ‘मीठ द्या’ हे वाक्य वहीत दहादा लिहिले तरी चुकते, पण समोर आळणी रस्सा असताना एकदा म्हटले की जन्मभर विसरत नाही. माझे भांडण आहे ते पासपोर्टवर शिक्का उमटल्याशिवाय हे तत्त्व न पटणाऱ्या आमच्या वसईकरांशी.

आमच्या शेजारच्या सामवेदी कुटुंबातली थोरली मुलगी स्पॅनिश शिकायला सालामांकाला गेली. सालामांका म्हणजे ऐरेगैरे गाव नव्हे. तिथले विद्यापीठ १२१८ सालचे, आणि नेब्रिखाचे स्पॅनिश व्याकरण १४९२ मध्ये छापले गेले तेही तिथेच. पण तिचे वडील मला विद्यापीठाचे काहीच सांगत नाहीत. म्हणतात, “काय सांगू तुम्हाला, खरी भाषा ती त्या सेन्योराच्या घरी शिकली हो!”

सेन्योरा म्हणजे घरमालकीण. वय सत्तरीच्या पुढे. आठवड्याच्या हिशेबाने युरो घेते. त्यात एक खोली, दोन वेळचे जेवण आणि अखंड बडबड मिळते. दुपारचे जेवण अडीच-तीनला, रात्रीचे साडेनऊला. जेवण झाले तरी उठायचे नाही, गप्पा मारत बसायचे. या बसण्याला ‘सोब्रेमेसा’ असे खास नाव आहे. आपल्याकडे हात वाळवत बसणाऱ्याला आळशी म्हणतात, तिथे तीच संस्कृती! मुलगी चुकली की सेन्योरा हसते, शब्द सुधारते आणि पुन्हा वाढते. ‘पगार’ हा शब्द ऐकून मुलगी खूश झाली, तर सेन्योराने सांगितले, बाळ, आमच्यात पगार म्हणजे पैसे देणे! सहा महिन्यांत पोरगी चुरूचुरू बोलू लागली.

आता त्याच शेजाऱ्यांचे वसईतले घर पाहा. तिथेही एक आजी आहे. वय सत्तरीच्या पुढे. तीही अखंड बोलते, चुकले की हसते आणि पुन्हा वाढते. फरक एवढाच, की ती फुकट आहे. ती कादोडी बोलते. वसईतल्या सामवेदी ब्राह्मणांची आणि सामवेदी ख्रिस्ती मंडळींची ही सामाईक बोली. धर्म दोन, पण बोली एक. मात्र नातवंडांना सक्त ताकीद आहे : “आजीशी तसलं बोलू नका, शाळेत तेच तोंडात येईल!” धाकटा नातू तर आजीला ‘येस ग्रॅनी’ म्हणून वाटेला लावतो. म्हणजे भाड्याच्या आजीला युरो आणि घरच्या आजीला तोंडबंदी!

मी हे बोलून दाखवले की उत्तरे ठरलेली. एक, “बोलीने मराठी बिघडते.” अहो, याच समाजातले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. असे बिघडलेले मराठी मला तरी चालेल.

दोन, “जास्त भाषांनी पोरांचा गोंधळ होतो.” सोळाव्या शतकात याच वसईत पोर्तुगीज वडील आणि वसईकर आई यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मले. कोवळ्या वयात ते जेसुइटांबरोबर जपानला गेले, तिथल्या लोकांत राहून जपानी शिकले, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन झाले. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील हिदेयोशीच्या दरबारी गेले, तेव्हा दुभाषी होता हा वसईचा माणूस. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवले, १८६२ मध्ये ते संत ठरले. त्यांच्याकडे प्रमाणपत्र कुठले? ज्यांच्यात राहायचे त्यांची भाषा उचलायची, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम.

तीन, हे शेवटचे ब्रह्मास्त्र : “बोलीने नोकरी मिळते का?” मग स्पेनमध्येच चला, बार्सिलोनाला. फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान भाषेला शाळा-कचेऱ्यांतून हाकलले होते. ती जगली घराघरांतल्या चुलीपाशी. १९७५ मध्ये फ्रँको गेला, १९७८ मध्ये नवी राज्यघटना आली आणि कॅटलानला पुन्हा राजमान्यतेचा रस्ता खुला झाला. आज तिच्यात शाळा चालतात, तिथल्या सरकारी नोकरीलाही ती लागते. तिथल्या आज्यांनी ‘नोकरी मिळत नाही’ म्हणून तोंडे मिटली असती, तर आज कॅटलानची फक्त कोशातली एक नोंद उरली असती.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. घरोघरी आजीच्या खोलीवर पाटी लावा : ‘कादोडी शिकण्यासाठी निवास व भोजनाची उत्तम सोय. दर युरोमध्ये.’ पैसे पडायला लागले की किंमत कळते, हा आपला जुना स्वभाव आहे. त्याचाच फायदा घेऊ.

चेष्टा सोडा. उद्या ती सेन्योरा गेली, तर स्पेनला दुसरी मिळेल. स्पॅनिश बोलणारे कोट्यवधी आहेत. आमच्या शेजारच्या आजीला बदली नाही. वाडीतली केळी, बावखलातले पाणी, उन्हात वाळणारी सुकेळी यांच्याविषयीचे तिचे शब्द तिच्याबरोबर जातील. मग कितीही युरो मोजा आणि कुठलाही व्हिसा काढा, ती बोली शिकवणारे घर जगाच्या पाठीवर भाड्याने मिळणार नाही.